भावजींच्या ट्रकचं पाणी

माझ्या धाकट्या दिराबद्दल लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, त्यांच्याइतकं जपून सामान हलवणारा माणूस मिळणार नाही. दोन, त्यांचा ट्रक कुठे उभा होता हे ट्रक निघून गेल्यावरही कळतं, कारण खाली ओलं वर्तुळ राहतं. दोन्ही खरं आहे. मी या घराच्या वरच्या मजल्यावर राहते, ते कुटुंब खाली राहतं आणि ट्रक माझ्या खिडकीखाली राहतो. तेव्हा इथे लिहिते आहे त्यातलं काहीही ऐकीव नाही.

लोकांची बिऱ्हाडं हलवणं हा भावजींचा धंदा. कपाटं, पलंग, काचेची भांडी, आजारी माणसांच्या खाटा, कुंड्या. एकदा एका गृहस्थांचं जिवंत मासे असलेलं काचेचं टाकं त्यांनी गावाबाहेर नेऊन दिलं, पाण्याचा थेंब न सांडता. स्वतःच्या ट्रकचं पाणी मात्र वाटभर सांडत गेले.

ट्रक त्यांच्याकडे आला तेव्हाच दोन मालकांना जेरीस आणून आला होता. भावजी तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्यांवर हमाली करायचे. स्वतःची गाडी झाल्यावर तिला कुणा मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. पाइप फुटला, सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. रेडिएटर झिरपू लागला, साबण दाबून भरला. झाकण सैल झालं, खाली चामड्याची चकती घातली. या सगळ्याला त्यांचा एक शब्द होता: आत्तापुरतं. घरातही तेच. न्हाणीघराचा नळ पट्टीने बांधलेला, खिडकीची कडी तारेने अडकवलेली, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. माझी जाऊ म्हणते, "लग्न तेवढं यांनी कायमचं केलं, तेही बहुतेक चुकून."

माणूस बिनडोक नाही, हे आधीच सांगते. त्यांच्या आत्तापुरत्या दुरुस्त्या इतक्या डोकेबाज असायच्या की त्या वर्षानुवर्षं टिकायच्या, आणि तिथेच सगळं बिघडलं. एखादी पट्टी लगेच सुटली असती तर माणूस शहाणा तरी झाला असता.

एक पट्टी मात्र नको तेव्हा सुटली. त्यांना एकच मुलगी, माझी पुतणी. तिला घाटावरच्या कॉलेजात प्रवेशासाठी मुलाखतीला बोलावलं होतं. ती बसने जाणार होती. भावजी म्हणाले, घरचा ट्रक असताना बस कशाला, मी सोडतो. आदल्या संध्याकाळी ट्रकखाली नेहमीपेक्षा मोठं ओलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "थोडंसंच आहे वहिनी, काही होत नाही." घाटात खालचा पाइप फुटला. पोरगी इस्त्रीचे कपडे घालून रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिली. कुणाच्या तरी गाडीने पोचली तेव्हा दार बंद झालं होतं. तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती कुणाला न सांगता पहाटेची बस पकडून गेली आणि प्रवेश घेऊनच परतली. त्या दिवसाबद्दल ना तिने शब्द काढला, ना बापाने. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टी फार टिकतात. त्यांना पट्टीसुद्धा लागत नाही.

आता ती दातांची डॉक्टर आहे. घाटावरच्याच एका लहान गावात, जिथे दात दुखला की लोक दिवस मोडून खाली येतात, तिथे तिने दवाखान्याची जागा घेतली. इथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी काम थांबवलं, त्यांची रुग्णाला बसवायची खुर्ची तिला मिळाली. जुनी असली तरी ठणठणीत. वर-खाली होणारी, मागे कलणारी, वजनाने बैल आणि नाजूकपणाने काच. ती वर न्यायला हवी होती. बाप सामान हलवणारा, आणि पोरीने आईला फोनवर सांगितलं की एका कंपनीचा ट्रक ठरवते आहे.

मी तेव्हा खालीच बसले होते. जावेने फोन ठेवला आणि माझ्याकडे, मग भावजींकडे बघितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, फोनचा आवाज माजघरापर्यंत ऐकू येतो.

"कंपनीचा ट्रक," भावजी म्हणाले. "बंद पेटीचा असेल."

"असेल," जाऊ म्हणाली.

"त्या माणसांना खुर्ची बांधता येते का?"

"मला काय विचारता? मी बांधणार आहे का?"

भावजी उठले, पाणी प्यायले, परत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, ती खुर्ची मी न्यायला नको का?"

"तिला विचारा. मी काय दंतवैद्य आहे?"

त्यांनी फोन लावला. बोलणं लांबलं नाही. भावजी म्हणाले, खुर्ची मी नेतो. तिकडून ती म्हणाली, "बाबा, ट्रक गळतो." ते म्हणाले, गळणार नाही. मग म्हणाली, "सुट्टीला येते. बघते. मग ठरवू."

एवढ्यावर माणूस कामाला लागला. आणि यावेळी पट्ट्या न बांधता.

रेडिएटरवाल्याकडे मी मुद्दाम बरोबर गेले. ते एकटे गेले असते तर कुठेतरी कथिलाचा डाग मारून घेऊन परत आले असते, हे मला माहीत होतं. रेडिएटरवाला म्हणजे दोन्ही हातांवर भाजल्याचे वण असलेला, तोंडाने धबधबा असा माणूस. त्याने रेडिएटरची भोकं रबराच्या बुचांनी बंद केली, आत हवा भरली आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवला. बुडबुडे कुठून येतात ते बघायचं असतं. ते कुठून येत नव्हते ते शोधावं लागलं.

"ही चाळण कुठून आणलीत?" तो म्हणाला. "पीठ चाळायला ठेवा घरी."

"मोठ्या भोकांना डाग मारून—" भावजींनी सुरुवात केली.

"डागाला धरायला तांबं तरी पाहिजे की नको? हे तांबं नाही, तांब्याची आठवण आहे."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "नवीन जाळी घाला," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या घशातून कसं निघालं ते त्यांनाच ठाऊक.

मग पाइप. वरच्या पाइपवरची ट्यूबची पट्टी सोडली तर खाली दुसरी पट्टी, तिच्याखाली डांबर लावलेली चिंधी, चिंधीखाली तार, आणि तारेच्या आत पाइप असा उरलाच नव्हता. इतकी वर्षं पाणी नुसत्या मलमपट्टीतून वाहत होतं. वॉटर पंपाचा पंखा हाताने धरून हलवला तर खिळखिळा लागत होता. पंप नवीन. पट्टे नवीन. पाइप, क्लिपा, झाकण, सगळं नवीन. राहिला थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी आणि तापलं की वाट मोकळी करणारी ही वाटीएवढी झडप. भावजींनी ती केव्हाच काढून फेकली होती. अडवणारी वस्तू ठेवायचीच कशाला, असं त्यांचं म्हणणं. रेडिएटरवाल्याने नवी हातात ठेवली आणि सांगितलं, बसवण्याआधी उकळत्या पाण्यात धरून बघा, उघडते का.

म्हणून ती झडप दोऱ्याला बांधून आमच्या स्वयंपाकघरात आली. पैलवानही आला. पैलवान म्हणजे भावजींचा जोडीदार, त्यांच्याबरोबर उभं आयुष्य सामान उचललेला. अंगाने झाडूची काडी, पण पाठीला पट्टा लावून एकटा कपाट उचलतो.

"ते पातेलं दुधाचं आहे," जाऊ म्हणाली.

"धुऊन देतो."

"धुऊन देतो म्हणे. ते आता ट्रकचंच झालं."

"दादा, उघडतंय का?" पैलवान पातेल्यात डोकं घालून म्हणाला.

"वाफ लागेल, लांब हो. नाहीतर तुझंच झाकण उघडेल."

आम्ही चौघं त्या पातेल्याभोवती उभे. पाण्याला उकळी आली आणि झडपेने म्हातारीने जांभई द्यावी तसं सावकाश तोंड उघडलं. बाहेर काढली, मिटलं. पुन्हा बुडवली, उघडलं. भावजींनी हे इतक्या वेळा केलं की शेवटी जावेने गॅस बंद केला.

सगळं बसवलं. पाणी भरलं, त्यात कूलंट घातलं, इंजिन चालू केलं. आणि खालच्या पाइपच्या तोंडाशी एक थेंब आला. लोंबला. पडला. मग दुसरा.

क्लिप आवळली. थेंब. दुसरी क्लिप जोडीला लावली. थेंब. पुतणीचं येणं दोन दिवसांवर आलं होतं. भावजी खूप वेळ गाडीखाली पडून राहिले आणि बाहेर आले ते हात पुसत अंगणात गेले.

पुतणी आली त्या सकाळी ट्रकखालची फरशी कोरडी ठणठणीत. मला नवल वाटलं, पण थांबलं असेल असं मी धरलं. पुतणी टॉर्च घेऊन वाकली. दात बघतात तसं तिने सगळं बघितलं, पाइपच्या कडेने बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात शंका होती. ती आईच्या वळणावर गेली आहे.

"मग?" भावजी म्हणाले.

"टाकीच्या टेकडीवर जाऊन येऊ. चढ आहे तिथे. काकू, चला."

गावाची पाण्याची टाकी ज्या टेकडीवर आहे तिथे रस्ता वळणावळणाने चढतो. आम्ही तिघं पुढे, मागे पैलवान. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर पुतणीने तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. तो मध्य ओलांडून लालाकडे निघाला होता.

"बाबा."

"तो काटा जास्त दाखवतो."

"बाबा, थांबा."

थांबलो. बॉनेटखालून भट्टीसारखी धग येत होती, पण खाली थेंब नव्हता. पाणी तर आत होतं, मग तापलं कशाने? भावजींचा चेहरा पडला. इंजिन निवेपर्यंत आम्ही टाकीच्या कुंपणाशी बसून राहिलो. पैलवानाने एकदा हवा छान असल्याचं सांगितलं, पण कुणीच दाद दिली नाही. मग उतारावरून हळूहळू गाडी थेट रेडिएटरवाल्याच्या दारात. जाऊ आधीच तिथे येऊन उभी होती. तिला पैलवानाने फोन केला होता.

रेडिएटरवाल्याने खाली घमेलं ठेवलं आणि पाणी सोडलं. पाणी यायला नको म्हणत होतं. आलं ते लापशीसारखं. करडं, मधूनमधून पांढऱ्या रबरी चिंध्या, आणि सगळ्यावर काळे ठिपके.

"यात स्वयंपाक कुणी केलाय?" रेडिएटरवाल्याने विचारलं.

त्याने एक पांढरी चिंधी चिमटीत धरून वर उचलली. "हे अंडं आहे."

पैलवानाने घसा खाकरला. "पांढरंच घातलं. पिवळं काढून ठेवलं होतं."

भावजी त्याच्याकडे बघत राहिले. "तू घातलंस?"

"पहाटे. थेंब दिसला तर ताई नाही म्हणेल, म्हणून. तुम्हीच दाखवलं होतं ना दादा, ती काचेची कपाटं नेताना. अंडं आत शिजतं आणि भोक बुजतं."

"आणि हे काळं?"

"मिरपूड," जाऊ म्हणाली. "बारीक करून घातली. माहेराहून येताना तुम्ही घातली होती तेव्हा घरापर्यंत पोचलो होतो आपण."

"बाकीचा हा चिखल?" रेडिएटरवाला विचारत होता, पण त्याला उत्तर माहीत झालं होतं. तो भावजींकडेच बघत होता.

"बाटली मिळते गळती बंद करायची," भावजी म्हणाले. "ती मी ओतली. आदल्या दिवशी."

म्हणजे तिघांनी, एकमेकांना न सांगता, एकाच नव्याकोऱ्या रेडिएटरमध्ये आपापला उपाय ओतला होता. थेंब बंद झाला होताच. त्याबरोबर जाळीतल्या बारीक नळ्याही बंद झाल्या होत्या. इतक्या वर्षांत भावजींनी एक शाळाच चालवली होती घरात, आणि विद्यार्थी हुशार निघाले. मला हसू आवरेना. रेडिएटरवाला तर भिंतीला टेकून हसत होता. जावेच्या तोंडावरही हसू आलं आणि लगेच गेलं, कारण पुतणी हसत नव्हती.

"गळत होतं तर गळतंय म्हणून सांगायचं ना मला," ती म्हणाली.

"थोडंसंच होतं."

"त्या दिवशीही थोडंसंच होतं."

कुठल्या दिवशी, असं कुणी विचारलं नाही. रेडिएटरवाल्याला काही माहीत नव्हतं, पण त्याचंही हसणं थांबलं.

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी बसने गेले असते, बाबा. बाकी माझं काही म्हणणं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "पाइप फुटतात. मला माहीत आहे. मला फक्त आधी कळायला हवं होतं."

तिने नळावर हात धुतले, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना सांगून गेली की कंपनीच्या ट्रकचं नक्की करते.

मला वाटलं आता भावजी हात टेकतील. दोन दिवस त्यांनी टेकलेच. अंगणात बसून राहायचे. जाऊ म्हणाली, एवढं काय झालं, एक खुर्चीच तर आहे. मी तिला म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. तिसऱ्या सकाळी खाली खडखडाट सुरू झाला. खिडकीतून बघते तर रेडिएटर काढून जमिनीवर ठेवलेला, आणि भावजी त्याच्या खालच्या तोंडातून पाण्याचा जोर मारताहेत, उलट्या दिशेने, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाईल. मिरपूड निघत राहिली, निघत राहिली. जावेने भाजीला वाटून ठेवलेली सगळीच घातली असावी.

उरलेलं रेडिएटरवाल्याने काढलं. वरचं पत्र्याचं टाकं उघडून एकेका नळीतून पातळ पाती घातली. आणि त्याच खेपेला खरं दुखणं सापडलं. खालचा नवीन पाइप इंजिनाच्या ज्या लोखंडी तोंडावर बसत होता, ते तोंडच गंजून खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं. वरून कितीही क्लिपा आवळा, खड्ड्यातून पाणी वाट काढणारच. इतक्या वर्षांच्या पट्ट्यांखाली ते कधी कुणाला दिसलंच नव्हतं, आणि नवा पाइप चढवताना घाईत कुणी बघितलं नव्हतं. भावजी त्या लोखंडावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग लेथवाल्याकडून नवं तोंड करून आणलं आणि बसवलं.

"लावा आता फोन तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? झालंय म्हणून? ते तर मी दर वेळी सांगितलंय."

त्यांनी ट्रकमध्ये वाळूची पोती भरली, खुर्चीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त, आणि रोज सकाळी टाकीच्या टेकडीवर नेऊन आणू लागले. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवायचे. सकाळी उकिडवे बसून तो बघायचे. शेजारच्या बाईने मला विचारलं, तुमचे दीर रोज ट्रकपुढे कसली प्रार्थना करतात?

काटा मध्यावर राहत होता. पण पुठ्ठ्यावर रोज सकाळी एक ओला ठिपका असायचा. तोंडाखाली नव्हता, पंपाखाली होता. रेडिएटरवाला बघायला आला आणि म्हणाला, नवीन पंप आहे, आतलं सील अजून बसतंय, चालवत राहा, थांबेल. नाही थांबलं तर पंप बदलू.

"एवढ्याशासाठी तिला काही सांगू नका," जाऊ म्हणाली. "थांबेलच ना ते. सांगितलंत तर तोवर ती तो कंपनीचा ट्रक ठरवून मोकळी होईल."

"मी लवकर येऊन पुठ्ठाच बदलतो," पैलवान म्हणाला.

भावजींनी दोघांकडे असं पाहिलं की पैलवान दारापर्यंत मागे गेला. मग त्यांनी फोन घेतला. मी जिन्यात होते. मुद्दाम उभी नव्हते, पण निघूनही गेले नाही.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "ऐक. खालचं लोखंडी तोंड खराब होतं, ते बदललं. जाळी साफ केली. आत काही ओतलेलं नाही, कुणीच. भरलेली गाडी टेकडीवर तापत नाही. पण रोज सकाळी पुठ्ठ्यावर एक ठिपका असतो. पंपाचा. थांबेल असं म्हणतात." इथे ते अडले. "थांबेल की नाही मला माहीत नाही. तू तुझा ट्रक ठरव, माझी ना नाही. फक्त तुला सांगितलं."

या घरात सून म्हणून आल्यापासून मी त्या माणसाला ओळखते. 'मला माहीत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

तिकडून तिने विचारलं, "ठिपका केवढा?"

"शर्टाच्या बटणाएवढा."

"पुठ्ठा टाकू नका. येते मी."

ती दुसऱ्या दिवशी आली. पिशवी खाली न ठेवता आधी ट्रकखाली वाकली. पुठ्ठा हातात घेतला, उजेडाकडे धरला. मग बापाला म्हणाली, "दुसऱ्या कुणाची खुर्ची असती तर काय केलं असतं?"

"पाण्याचे कॅन भरून घेतले असते. मध्ये दोनदा थांबलो असतो, हात लावून बघितलं असतं. आणि सावकाश गेलो असतो."

"मग तसंच करा. सोमवारी निघू."

पैलवानाने लगेच रजया आणि दोर काढायला सुरुवात केली, जणू तिने मन बदलायच्या आत खुर्ची बांधून टाकायची होती.

"पण काटा मी बघणार," ती म्हणाली. "मी मध्ये बसेन. काकूंना खिडकी."

"बघ की. आणि मोठ्याने वाचत जा." भावजींनी कान खाजवला. "मला तो नीट दिसत नाही."

"म्हणजे?"

"लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचं सगळं धुकं. काट्याचं मी आवाजावरून ओळखतो."

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं," ते म्हणाले. एकदा खरं सांगायला लागल्यावर हा माणूस थांबेना. जाऊ म्हणाली, अजून काय काय आहे ते आजच सांगून मोकळे व्हा, मी खाली बसते. पुतणी हसली. त्या घमेल्यापाशी जे हसू अडलं होतं ते आता बाहेर आलं, आणि आलं ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत आलं. त्याच दुपारी ती बापाला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. चष्मा मिळायला मात्र पुढचा आठवडा लागणार होता.

सोमवारी उजाडताच आम्ही निघालो. मी का गेले म्हणाल, तर जावेला मी सांगितलं की मला थंड हवा हवी आहे. खुर्ची मागे रजयांत गुंडाळून, चहूबाजूंनी दोर देऊन अशी बसवली होती की ट्रक उलटा केला असता तरी ती हलली नसती. तिच्या पायाशी पैलवान.

घाट सुरू झाला तशी पुतणी सरळ होऊन बसली. "मध्याच्या खाली," तिने वाचलं. पुढच्या वळणावर, "मध्यावर." मग, "मध्यावर. मध्याच्या केसभर वर. बाबा, केसभर वर आहे."

"खालच्या गिअरला घेतो."

"मध्यावर."

पहिल्या थांब्यावर भावजी उतरले, बॉनेट उघडलं, पाइपवर हात ठेवला, खाली वाकून पाहिलं. तीही उतरली आणि तिनेही हात ठेवला. मला गाडीतून दोन पाठी दिसत होत्या, दोन्ही एकाच बाजूला कललेल्या. कॅन उघडायची गरज पडली नाही. पुन्हा निघालो. ती वाचत राहिली, पण आता मध्येच दुसरंही बोलायला लागली. दवाखान्याला रंग कोणता द्यायचा, हात धुवायचं भांडं कुठल्या भिंतीला, दाराला अजून नीट कुलूप नाही. भावजी म्हणाले, कुलूप मी बसवून देतो. ती म्हणाली, नवीन बसवा. ते म्हणाले, नवीनच म्हणतोय मी.

मग तिचं बोलणं कमी झालं. आदल्या रात्री ती सामान बांधत उशिरापर्यंत जागी होती. अर्धं वाक्य बोलून ती थांबली, आणि थोड्या वेळाने तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. डॉक्टर झाली तरी झोपते तोंड उघडं टाकूनच.

चढ सगळ्यात तीव्र तिथेच होता. भावजींनी वळण घेतलं, इतकं अलगद की तिची मान हलली नाही. काही वेळ गेला. मग रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "वहिनी, काटा?"

"मध्यावर आहे," मी म्हटलं. "तुम्ही पुढे बघा."